अंतिम वर्षाचा प्रकल्प : वस्तू आणि कागद

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आज ज्यांचा गौरव झाला त्यांची यादी चिटणिसांनी वाचून दाखविली, तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक मुले-मुली अभियांत्रिकीची आहेत हे आमच्या ध्यानात आले. संगणकाच्या या दिवसांतही यंत्र अभियांत्रिकी शिकणारी काही मंडळी त्यांत आहेत, याचा आम्हांला विशेष आनंद वाटला. हे मंडळ स्थापन झाले त्या काळी आपले पुष्कळ सभासद हिंदुस्थान एरोनॉटिक्स, एच. एम. टी., भारत इलेक्ट्रॉनिक्स अशा कारखान्यांत नोकरीस होते. त्यांच्या घरांतून लेथ, फौंड्री, बेअरिंग हे शब्द आमटीभाताबरोबर मुलांच्या कानांवर पडत. एच. एम. टी.चा घड्याळांचा कारखाना २०१६ साली बंद झाला आणि ते शब्दही घरांतून हळूहळू मावळले. तेव्हा आजचा विषय यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा अंतिम वर्षाचा प्रकल्प हा घ्यावा, असे आम्ही ठरविले.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. अशा विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील. आमची केंद्र सरकारच्या सेवेतील बहुतेक वर्षे एकाच कामात गेली : भांडारात प्रत्यक्ष जी वस्तू आहे आणि नोंदवहीत जी लिहिलेली आहे, त्या दोहोंचा मेळ बसतो की नाही हे पाहणे. हे काम रूक्ष खरे; पण त्याने दृष्टीला एक वळण लागते. कागद कितीही देखणा असला तरी हात आपोआप वस्तूकडे जातो. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचा प्रश्न आमच्या मते मुळात हाच आहे, आणि म्हणून हे धाडस.

प्रथम प्रकल्प म्हणजे काय, हे पालकांसाठी थोडक्यात सांगतो. आपल्या राज्यातील बहुसंख्य अभियांत्रिकी महाविद्यालये विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावला आहे, हे येथे बसलेल्या अनेकांना ऐकून बरे वाटेल. पदवीच्या अखेरीस विद्यार्थ्यांचे लहान लहान गट पडतात, साधारणतः चौघांचा एक. त्यांना एक मार्गदर्शक प्राध्यापक मिळतो, आणि गटाने एखादी वस्तू, यंत्र वा प्रक्रिया स्वतः संकल्पून तिचा अहवाल परीक्षकांपुढे ठेवायचा असतो. तोपर्यंत विद्यार्थ्याने जी गणिते सोडविलेली असतात त्यांची उत्तरे पुस्तकाच्या शेवटी छापलेली असतात. दांड्यावर अमुक भार आहे, चाक मिनिटाला इतके फेरे घेते, हे गणितातच दिलेले असते. प्रकल्पात भार कोणी दिलेला नसतो. तो कोठे आहे हे शोधून, तेथे जाऊन, मोजून आणावा लागतो. कित्येकदा तर प्रश्न कोणता हेच ठाऊक नसते. चार वर्षांच्या शिक्षणातील ही एकच जागा अशी आहे की जेथे विद्यार्थ्याला अभियंत्यासारखे वागावे लागते. इतरत्र तो परीक्षार्थी असतो.

आणि नेमकी हीच जागा आज विकाऊ झाली आहे. या शहरात तयार प्रकल्प विकणारी दुकाने आहेत. आम्ही त्यांची नावे घेणार नाही. घेण्याची आवश्यकताही नाही, कारण येथील विद्यार्थ्यांना ती आमच्याहून अधिक ठाऊक आहेत. विषयांची छापील यादी मिळते. पसंत पडेल तो निवडावा, पैसे मोजावेत. यंत्र, अहवाल, तोंडी परीक्षेतील संभाव्य प्रश्न आणि त्यांची उत्तरे, सारे काही घरपोच. तेच यंत्र रंग बदलून दुसऱ्या वर्षी दुसऱ्या महाविद्यालयात जाते. भांडाराच्या भाषेत सांगायचे तर एकच वस्तू चार नोंदवह्यांत जमा दाखविलेली आहे. सरकारी कचेरीत अशी नोंद सापडली तर संबंधित माणसाची चौकशी होते. येथे मात्र प्रथम वर्ग मिळतो.

या बाबतीत केवळ मुलांना दोष देणे आम्हांला अन्यायाचे वाटते. पैसे पालक देतात. आणि कैक ठिकाणी महाविद्यालयाची कार्यशाळा चार वाजता कुलूपबंद होते, मार्गदर्शकाच्या वाट्याला डझनभर गट असतात, तेव्हा मुलांनी जावे कोठे हाही प्रश्न आहेच.

आता थोडे मागे जाऊ. ज्यांचे नाव त्या विद्यापीठाला दिले आहे ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८१ साली येथील सेंट्रल कॉलेजातून बी. ए. झाले. (बी. ए. ही पदवी आमच्याजवळही आहे. साम्य तेथेच संपते.) म्हैसूर सरकारच्या साहाय्याने ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात गेले, १८८३ साली स्थापत्याची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुढल्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, खानदेश, पुणे या भागांत त्यांची उमेदीची वर्षे गेली. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली त्यांनी बसविलेले स्वयंचलित दरवाजे प्रसिद्धच आहेत : पाणी ठराविक पातळीच्या वर गेले की ते आपोआप उघडत आणि लोंढा ओसरला की आपोआप मिटत. येथे आम्हांला एवढेच दाखवायचे आहे, की सांडव्यावरून वाया जाणारे पाणी आधी त्या माणसाने पाहिले होते. दरवाजा नंतर सुचला. पुढे म्हैसूरचे दिवाण असताना १९१७ साली त्यांनी बेंगळुरूत अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले, के. आर. सर्कलजवळची ती इमारत आपण रोज बसमधून पाहतो.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकावयास मुंबईस गेले. रंगांधळेपणामुळे ती सुटली, आणि यंत्रांची रेखाचित्रे काढण्यात त्यांचा हात बसला. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवीतही असत. ते सोडून बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला. कागदावरील रेषेत अशा माणसाची चूक होणे कठीण. नांगरही चांगला होता. पण तो विकला जाईना. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. ती दोन वर्षे लक्ष्मणरावांनी कोणत्या परीक्षकापुढे काढली? बांधावर उभ्या असलेल्या, अक्षरओळख नसलेल्या आणि तोंडावर ‘नको’ म्हणणाऱ्या शेतकऱ्यापुढे. किर्लोस्करवाडी १९१० साली उभी राहिली ती या परीक्षेनंतर. आमचे म्हणणे असे, की विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला असा ‘नको’ म्हणणारा माणूस लाभला पाहिजे. विकत घेतलेल्या प्रकल्पाला तो कधीच लाभत नाही.

हे ओळखून चाललेले एक काम याच शहरात बराच काळ सुरू आहे, आणि आपल्या मंडळींना ते फारसे माहीत नसावे. कर्नाटक राज्य विज्ञान व तंत्रज्ञान परिषद १९७५ साली स्थापन झाली. तिचे कार्यालय भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात आहे. १९७७-७८ पासून ही परिषद ‘विद्यार्थी प्रकल्प कार्यक्रम’ चालविते. अंतिम वर्षाच्या गटांनी मार्गदर्शकामार्फत प्रस्ताव पाठवावयाचा. निवड झाल्यास काही हजार रुपयांचे साहाय्य मिळते. वर्षअखेर राज्यातील एखाद्या महाविद्यालयात प्रदर्शन व चर्चासत्र भरते. रक्कम लहान आहे. पण तिच्यामागे हिशेब द्यावा लागतो, आणि परक्या माणसांसमोर यंत्र चालवून दाखवावे लागते. या दोन अटींत पुष्कळ काही येते. विज्ञान संस्थेतच १९७४ साली प्रा. अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट निघाला होता, आणि तुमकूर जिल्ह्यातील उंग्रा गावी त्याचे केंद्र होते. त्यांची धूर न करणारी तीन भांड्यांची चूल पुष्कळांनी ऐकली असेल. ते काम विद्यार्थ्यांचे नव्हे, संशोधकांचे; पण चुलीची परीक्षा चुलीपुढे बसणारीनेच घ्यावयाची, हा धडा त्या आवारात तेव्हापासून आहे.

आता आम्ही जवळून पाहिलेला एक प्रकल्प सांगतो. चौघे विद्यार्थी, त्यांतील एक मुलगी आपल्याच एका सभासदाची. नावे सांगू नयेत, अशी त्यांची इच्छा आहे. विषय होता चिंचेतून चिंचोके वेगळे करण्याचे यंत्र. तुमकूरकडे चिंच अमाप. उन्हाळ्यात गावोगावच्या बायका अंगणात बसून टरफले काढतात, शिरा ओढतात आणि लोखंडी सळईने ठोकून चिंचोके बाहेर काढतात. मजुरी किलोवर. संध्याकाळपर्यंत बोटे फुटतात.

मुलीचे वडील प्रारंभी नाराज होते. आमच्यासमोरच ते तिला म्हणाले, “अगं, सगळं तयार मिळतं. मागतील ते पैसे मी देतो. नोकरीच्या मुलाखती तोंडावर आल्यात आणि तू उन्हात चिंचा फोडायला निघालीस?” मुलगी शांतपणे म्हणाली, “बाबा, मुलाखतीत त्यांनी ‘हे असंच का केलं’ म्हणून विचारलं, तर त्याचं उत्तर कुणाकडून विकत आणू?” वडील गप्प झाले. पटले म्हणून नव्हे. पाहुण्यासमोर वाद नको म्हणून.

मुलांनी संगणकावर सुरेख आराखडा केला. खुंट्या बसविलेला एक फिरता रोलर, त्याखाली अर्धगोल जाळी, अर्ध्या अश्वशक्तीची मोटार. एस. पी. रोडवर हिंडून सामान जमविले, पीण्याच्या एका लहान वर्कशॉपमधून रोलर कातून आणला. तेथल्या फिटरने त्यांची बेअरिंगची जागाच बदलावयास लावली, आणि फुकट शिकविले ते वेगळेच. महाविद्यालयात बाजारची सुकी चिंच घालून यंत्र चालविले. फारच उत्तम चालले. विकत आणलेला प्रकल्प येथे संपला असता.

हे यंत्र टेंपोत घालून ते गावी घेऊन गेले. नव्या हंगामाची ओलसर, चिकट चिंच घातली आणि थोड्याच वेळात रोलर गराने माखून अडला. खुंट्यांमधील अंतर वाढवून आणि रोलरचा वेग निम्म्याने कमी करून ते परत गेले. या वेळी यंत्र अडले नाही. पण बायका पुढे येईनात. अखेर एक वृद्ध बाई म्हणाली, “मगळे, ह्याच्यापुढं दिवसभर उभं कोण राहणार? आम्ही बसून काम करतो.” यंत्र कमरेच्या उंचीचे होते, कारण महाविद्यालयातील टेबल त्या उंचीचे होते. त्याच दिवशी गावातल्या वेल्डरकडून यंत्राचे पाय दीड फुटाने कापून आणले, आणि बायका त्याच्यापुढे पाटावर बसल्या.

तिसऱ्या खेपेस दुसरी तक्रार आली : गर काळा पडतो. चिंचेतील आम्ल साध्या पोलादाला लागून रंग बदलत होता आणि व्यापारी भाव पाडीत होता. आम्लाची ही क्रिया मुलांनी अकरावीत शिकलेली होती. ती रोलरवर होईल हे मात्र आराखड्यात कोठे आले नव्हते. स्टेनलेस स्टील घ्यावे तर खर्च अंदाजाच्या बाहेर. शेवटी गराला स्पर्श करणारे तेवढेच भाग स्टेनलेसचे केले. चौथी तक्रार तर आम्हांलाही नवी होती. रोलरखाली काही चिंचोके फुटत. मुलांना वाटले, टाकाऊ वस्तू फुटली तर काय बिघडले? बाईंनी सांगितले की चिंचोक्यांनाही गिऱ्हाईक आहे, आणि फुटक्यांना भाव कमी. येथल्या जुन्या मंडळींना चिंचोक्याची खळ आठवत असेल. कापडाच्या व तागाच्या धंद्यात ती आजही लागते. यंत्रावर ज्यांनी कागदोपत्री विचार केला त्यांच्या लेखी चिंचोका हा कचरा होता. बाईच्या लेखी तो तेल-मिठाचा खर्च होता.

अखेरीस यंत्र पुरते यशस्वी झाले नाही. ओलसर चिंचेतले काही चिंचोके गरातच राहत आणि बायकांना ते हाताने काढावे लागत. मुलांनी अहवालात ‘काय जमले नाही’ असे एक स्वतंत्र प्रकरण लिहिले, चारही तक्रारी तारखांसह नोंदविल्या आणि कोणत्या दुरुस्तीस किती खर्च आला हेही लिहिले. आम्ही तो अहवाल वाचला. यंत्राविषयी आम्हांला फारसे कळले नाही. पण वस्तू आणि कागद यांचा इतका चोख मेळ आम्ही सरकारी दप्तरातही क्वचितच पाहिला आहे. त्यांना गुण बरे मिळाले, सर्वोच्च नाही. सर्वोच्च गुण एका चकचकीत प्रतिकृतीला गेले. मात्र दुसऱ्या वर्षीच्या एका गटाने हाच अहवाल ग्रंथालयातून काढला आणि त्याच्या त्या शेवटच्या प्रकरणापासून आपले काम सुरू केले. वडिलांनी तो अहवाल बांधून घरी ठेवला आहे, असे ऐकतो.

परदेशातील विद्यापीठांतही यापेक्षा निराळे घडत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २००७ साली निरनिराळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाला कमी दिवसांच्या बाळांसाठी स्वस्त उबपेटी करण्याचा प्रकल्प मिळाला. त्यांच्यापैकी एक जण नेपाळात गेला. रुग्णालयात देणगीदाखल आलेल्या उबपेट्या वापराविना होत्या, आणि खेड्यातले बाळ मुळात रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हते. तेव्हा पेटी सोडून त्यांनी बाळाला गुंडाळण्याची एक पिशवी केली. तिच्यात मेणासारखा पदार्थ, जो एकदा तापविला की कित्येक तास सदतीस अंशांच्या आसपास उष्णता धरून राहतो. पुढे त्या गटाने आपले ठाणे आपल्या बेंगळुरूतच हलविले. भारतातल्या एका खेड्यात त्यांना एक आई भेटली. ती म्हणाली, ही औषधे फार कडक असतात, म्हणून डॉक्टर सांगतात त्याच्या निम्मेच मी मुलाला देते. पिशवीही सदतीसपर्यंत सांगितली तर मी तीसपर्यंतच तापवीन. मुलांनी आकडे काढून टाकले आणि पिशवी पुरेशी तापली की नाही एवढेच दाखविणारी खूण ठेवली. उष्णतेचे सारे शास्त्र बरोबर असूनही, त्या आईला भेटले नसते तर बाळ थंडच राहिले असते.

काही पालक आम्हांला विचारतात, की मुले मोटारगाड्या बनविण्याच्या स्पर्धांत वर्ष घालवितात, ते प्रकल्प म्हणावेत की खेळ? येथील आर. व्ही. अभियांत्रिकी महाविद्यालयातील ‘अश्व रेसिंग’ हा विद्यार्थ्यांचा चमू २००३ पासून अशा शर्यतीच्या गाड्या बनवीत आला आहे. महाराष्ट्रातही पुष्कळ महाविद्यालयांत असे चमू आहेत, आणि मध्यप्रदेशातील पीथमपूरच्या ‘बाहा’ स्पर्धेला २००७ पासून देशभरची मुले जातात. आम्हीही प्रथम त्याकडे हौस म्हणूनच पाहत होतो. नियम वाचले आणि सुखद धक्का बसला. या ‘फॉर्म्युला’ पद्धतीच्या स्पर्धेत एकूण गुण एक हजार. त्यांपैकी ३२५ गुण गाडी जागची हलण्यापूर्वीच दिले जातात : संकल्पनाचे समर्थन १५०, खर्चाचा अहवाल १००, सादरीकरण ७५. खर्चाच्या अहवालात प्रत्येक नट-बोल्टची किंमत लिहावी लागते, आणि परीक्षक अहवाल हातात धरून गाडीभोवती फिरतात. लिहिलेला बोल्ट गाडीवर नसेल, किंवा गाडीवरचा बोल्ट कागदावर नसेल, तर गुण कापले जातात. इतक्या कडक साठा-पडताळणीला खेळ म्हणण्याचे धाडस आमच्याने होणार नाही. एक उणीव मात्र राहतेच. या गाडीला धनी नसतो. ती बनविणारेच चालवितात, आणि ‘नको’ म्हणणारे कोणी नसते. म्हणून चिंचेच्या यंत्राला आम्ही मनात वरची जागा देतो. मोटारवाल्यांनी रागावू नये.

आता मंडळापुरते. कार्यकारिणीने सुवर्णमहोत्सवी निधीतून विद्यार्थी-प्रकल्पांसाठी दरवर्षी लहानशी रक्कम बाजूला ठेवण्याचे तत्त्वतः मान्य केले आहे. तीन अटी घालाव्यात, अशी आमची सूचना आहे. यंत्र कोणासाठी आहे त्या व्यक्तीचे नाव अर्जात असावे. खर्चाच्या पावत्या जोडाव्यात. आणि काय जमले नाही याचे निदान एक पान असावे. ते नसेल तर दुसरा हप्ता देऊ नये.

विषय कोठून आणावा, हा मुलांचा नेहमीचा प्रश्न. त्यासाठी आपल्या वाचनालयात गेल्या महिन्यापासून एक ‘गरजांची वही’ ठेवली आहे. सभासदांनी आपली अडचण तीत साध्या शब्दांत लिहावी; उपाय लिहू नये, तो मुलांना शोधू द्यावा. आतापर्यंत चार नोंदी झाल्या आहेत. पहिली आपल्या गणेशोत्सवाच्या स्वयंपाक्यांची : मसालेभाताचे मोठे पातेले शेगडीवरून उतरविताना दोन माणसांच्या कमरेत उसण भरते. दुसरी, पुरणपोळ्या करून विकणाऱ्या एका भगिनींची. पुरणयंत्र फिरवून त्यांचा उजवा खांदा धरला आहे, आणि मोटारीचे यंत्र पुरण फारच पातळ करते, अशी त्यांची तक्रार आहे. तिसरी नोंद सभागृहाच्या पायऱ्यांविषयी, चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या एका सभासदांची. चौथी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका आजींची. बोटांना संधिवात आहे, त्यामुळे गॅसच्या सिलिंडरवरील रेग्युलेटर त्यांना एकटीने बसविता येत नाही आणि शेजारणीची वाट पाहावी लागते. त्यांचा पत्ता चिटणिसांकडे आहे. सकाळी अकरानंतर यावे, आणि येताना जोडीला एखादी मुलगी असावी, असे त्यांनी वहीत लिहून ठेवले आहे.